दिवा लागला का?

बाय, ओटीवर नको, आत ये चुलीपाशी. या फोनवर बोलायच्या गोष्टी नाहीत, म्हणून तुला बोलावून घेतलं.

काल तू म्हणालीस, "ताई, आई हल्ली फार विसरते. वय झालं म्हणायचं." आणि मग आवाज बारीक करून विचारलंस, "की त्याचंच असेल?" 'त्याचंच' म्हणजे कशाचं ते तू बोलली नाहीस, मीही विचारलं नाही. आपल्याकडे शहापूर काय नि मुरबाड काय, त्या आजाराचं नाव कुणी घेत नाही. कुणाच्या गोळ्या चालू आहेत एवढं म्हटलं तरी समजणारा समजतो. पण आज आपण दोघीच आहोत. आज नाव घेऊनच बोलू. तुझ्या आईला एचआयव्ही आहे, ती कितीतरी वर्षं गोळ्या घेऊन ठणठणीत राहिली, आणि आता तिची आठवण पातळ होतेय. तुझी झोप कशी उडाली असेल ते मला कळतं, कारण माझी उडाली होती.

माझं माहेर खर्डीच्या पुढचं, तुला माहीत आहे. तिथली माझी काकू. तिचं मी तुला सांगतेय ते तिला विचारून. ती म्हणाली, "कुणाच्या कामी येत असेल तर सांग, फक्त माझं नाव घेऊ नको." म्हणून मी तिला काकूच म्हणेन.

काका हायवेला गाडीवर होते. ते गेले तेव्हा काकू पस्तिशीच्या आसपास होती. तिचीही तपासणी झाली आणि तिलाही निघाला. तेव्हा गोळ्या विकत घ्यायच्या म्हणजे शेत विकायचं. मग १ एप्रिल २००४ ला सरकारनं देशातल्या आठ रुग्णालयांत मोफत गोळ्या सुरू केल्या, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. काकू अंधारात निघून आसनगावला लोकल पकडायची, भायखळ्याला उतरायची, आणि दिवस मावळता परत. गावात सांगायची, बहिणीकडे गेले होते. तिच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. बाहेर फक्त मला. पुढे या गोळ्या देणारी केंद्रं जवळ आली, गोळ्या बदलत गेल्या, दोन वेळच्या एका वेळेवर आल्या. काकूनं मात्र वीस वर्षांत एक गोळी चुकवली नाही. घड्याळ नाही, अलार्म नाही. डोक्यात ठेवलं, बस्स.

बाय, इथंच गोम आहे. ही गोळी आणि तिचं गुपित, दोन्ही एकाच डोक्यात ठेवलेलं. तेच डोकं थकायला लागलं तर?

मला पहिल्यांदा शंका आली ती आवणीच्या दिवसांत. राबातून आवण उपटायचं, मुठी बांधायच्या, कुणी किती बांधल्या ते काकू तोंडानं मोजायची. अख्ख्या गावात तिचा हिशेब चुकत नसे. त्या वर्षी बघते तर तिची बोटं मंदावलेली. पेंढ्याची गाठ मारायची आणि हातात मूठ धरून थांबायची, आता ही कुठे ठेवायची म्हणून. मोजता मोजता तेवीसवर अडायची, पुन्हा वीसपासून सुरू करायची. पोलक्याचे हूक लावायला वेळ लागायला लागला. दोघी एकदम बोललो की ती गप्प व्हायची. मी म्हटलं, थकली असेल. सून म्हणाली, "सासूबाई आता घुम्या झाल्यात." शेजारची म्हणाली, बाहेरचं काही असेल, भगताला दाखवा. ज्याच्या त्याच्या मनानं उत्तर तयार होतं, त्यामुळे विचारायला कुणी गेलंच नाही. आठ महिने असेच गेले. त्या आठ महिन्यांची रुखरुख मला अजून आहे, म्हणून तुला आठ दिवससुद्धा थांबू देणार नाही.

आता नीट ऐक, हे असं का होतं ते. हा विषाणू रक्तातल्या पेशींच्या आडून मेंदूत फार लवकर शिरतो, लागण झाल्यावर काही आठवड्यांतच. ज्या पेशींनी आपण विचार करतो त्यांच्यात तो सहसा शिरत नाही. त्यांची राखण करणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांच्यात तो घर करतो. मग त्या राखणदार पेशी चिडून राहतात आणि त्यांच्या चिडण्यानं शेजारच्या चांगल्या पेशींना झळ लागते. आपण राब भाजतो ना, वरून विझलेला दिसतो, राख गार वाटते, पण काठीनं उकरलं की आत धग असते. तसं. गोळ्यांनी जाळ विझतो, रक्तात विषाणू सापडत नाही, तरी कुणाकुणाच्या मेंदूत थोडी धग वर्षानुवर्षं राहते. यालाच डॉक्टर एचआयव्हीमुळे होणारा विचारशक्तीचा बिघाड म्हणतात, आणि त्याच्या पायऱ्या करतात: नुसत्या चाचणीत दिसणारी, रोजच्या कामात थोडी जाणवणारी, आणि अगदी परावलंबी करून टाकणारी. ही शेवटची पायरी गोळ्यांच्या जमान्यात क्वचित दिसते. आधीच्या, सौम्य पायऱ्यांवरची माणसं मात्र खूप आहेत.

आणि आपल्या आई-काकूंच्या पिढीला याचा धोका थोडा जास्त का, तेही सांगते. तेव्हा रक्तातल्या आजाराशी लढणाऱ्या सीडीफोर पेशी २०० च्या खाली गेल्या किंवा माणूस अगदी अंथरुणाला खिळला, तरच गोळ्या सुरू करायचे. तपासणीत निघाला की लगेच गोळी, हा नियम २०१७ साली आला. म्हणजे या बायांनी शरीराची ताकद तळाला जाईपर्यंत वाट पाहिली. ज्यांच्या पेशी एकदा फार खाली गेल्या त्यांच्या मेंदूला मार जास्त बसतो, हे जगभर दिसलंय. यात तुझ्या आईचा काही दोष नाही. कुणी तसं म्हटलं तर तिथल्या तिथे तोंड बंद कर.

हे परदेशातलं ज्ञान आहे असंही समजू नको. पुण्याला भोसरीत १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावानं सुरू झालेली संस्था आहे. तिथल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या विद्यापीठाबरोबर आपल्याच मराठी माणसांच्या चाचण्या घेतल्या. लक्ष, आठवण, हाताची चपळाई, सगळं तपासलं. ज्यांचा आजार फार वाढलेला होता त्यांची कामगिरी कमी भरली. पण गोळ्या सुरू केल्यावर ती सुधारताना दिसली. हे लक्षात ठेव, बाय. उपचारानं डोकंसुद्धा वर येतं.

आता तू म्हणशील, मग हे म्हातारपणाचं विसरणं की आजाराचं, ओळखायचं कसं? घरबसल्या निकाल लावायचा नाही, पण काय बघायचं ते सांगते. म्हातारपणाच्या स्मृतिभ्रंशात माणूस सकाळी सांगितलेलं दुपारी पुसून टाकतो. आठवण करून दिली तरी म्हणतो, असं झालंच नाही. काकूचं तसं नव्हतं. तिला धागा दाखवला की सापडायचं. "काकू, परवा कोण आलं होतं?" गप्प. "सरळगावहून?" की लगेच, "हां, मामाचा पोरगा." म्हणजे आठवण होती, ती बाहेर काढायचा वेग गेला होता. त्याच्या जोडीला हात मंद, चाल जड, एका वेळी दोन कामं जमेनात, माणसांत बसायला नको वाटतं. असं दिसलं तर डॉक्टरांना नेमकं हेच सांग. "विसरते" एवढंच सांगू नकोस. "भाकरी थापताना मध्येच थांबते, बाजारात सुट्टे पैसे मोजायला घाबरते, कधीपासून, किती वेळा," असं सांग. आपल्या बाया लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या नसतात. त्यांना आज तारीख काय विचारून काय कळणार? त्यांचं डोकं त्यांच्या कामातच दिसतं.

केंद्रात डॉक्टर एक छोटी चाचणी घेऊ शकतात. चार शब्द सांगतात आणि थोड्या वेळानं विचारतात. अंगठा नि तर्जनी पाच सेकंदांत किती वेळा जुळवता येते ते मोजतात. मग मूठ, तळवा, हाताची कड, अशी तीन हालचालींची माळ करायला लावतात. यात कमी गुण पडले म्हणजे वेड लागलं असं नाही. आणखी तपासायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. आई घाबरेल, तिला आधी सांगून ठेव. काकू मला म्हणाली होती, "नापास झाले तर गोळ्या बंद करतील का गं?" या वयात शाळेच्या पोरीसारखी घाबरलेली ती, बघवेना.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपण 'त्याचंच' म्हणून मोकळे होतो आणि बरं होण्यासारखं कारण मागे राहतं. काकूला साखर होती, तिची गोळी बरीच वर्षं चालू. त्या मेटफॉर्मिननं काही माणसांत बी-१२ हे जीवनसत्त्व हळूहळू कमी होतं, आणि बी-१२ कमी झालं की आठवण जाते, पायाला मुंग्या येतात, तोल जातो. तिचं रक्त तपासलं तर खूपच कमी निघालं. इंजेक्शनं सुरू झाली. कान तपासले तर एका कानानं धड ऐकूच येत नव्हतं. लोक बोलताना गप्प का बसायची ते तेव्हा कळलं. डोळ्यात मोतीबिंदू. म्हणजे आम्ही ज्याला घुमेपणा म्हणत होतो, त्यातलं निम्मं न ऐकणं आणि न दिसणं होतं.

म्हणून तू आईला नेशील तेव्हा हे सगळं विचार: बी-१२, थायरॉइड, साखर, रक्तदाब, रक्त कमी आहे का, कान, डोळे. आणि मन. उदास माणूससुद्धा विसरतो, कारण त्याचं कशात लक्षच नसतं. इतकी वर्षं ओझं एकटीनं वाहिलेल्या बाईला उदासी येणारच, आणि तिच्यावर उपचार असतात. घरातल्या पुरुषमाणसाचा प्रश्न असेल तर मोहाची दारू किती, हेही स्पष्ट विचारायचं. लॅन्सेट नावाच्या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ साली हिशेब मांडला की जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ ४५ टक्के प्रकरणांमागे हाताळता येण्यासारखी १४ कारणं आहेत. रक्तदाब, साखर, बहिरेपण, नजर, उदासी, एकटं पडणं ही त्यातलीच. यातली बरीचशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात धरता येतात, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

गोळ्यांचंही तपासून घे. आईच्या घरातली प्रत्येक गोळी, औषधाच्या दुकानातून आणलेली, शेजारणीनं दिलेली, वैदूचा पाला, सगळं एका पिशवीत घालून घेऊन जा. आधी जी रात्रीची एफाविरेन्झची गोळी होती, तिनं काहींना भलभलती स्वप्नं पडायची, डोकं गरगरायचं. आता बहुतेकांना डोलुटेग्राविर असलेली गोळी मिळते, दिवसाला एक. तिच्याबरोबर एक पथ्य आहे. आम्लपित्ताचं औषध एकाच वेळी घ्यायचं नाही, नाहीतर गोळी अंगाला लागत नाही. आधी एचआयव्हीची गोळी, आणि आम्लपित्ताचं औषध दोन तासांनी. ते आधी घेतलं असेल तर सहा तास थांबायचं. लोहाच्या नि कॅल्शियमच्या गोळ्या कधी घ्यायच्या तेही तिथेच विचार. आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर केंद्रात आवर्जून सांग, कारण या गोळीबरोबर तिचा डोस बेतून द्यावा लागतो.

आता डबीची गोष्ट. ही सांगताना माझे हात अजून गार पडतात.

मी माहेरी गेले होते. काकूनं मला आपणहून डबी दाखवली, तांदळाच्या कणगीमागं फडक्यात गुंडाळलेली. म्हणाली, "बघ बरं, मला काही उमगत नाही." केंद्रातून मिळालेलं हिरवं पुस्तक काढलं. त्यावरच्या तारखेपासून वीस दिवस झालेले. तीसची डबी, म्हणजे दहा उरायला हव्यात. मी पाटावर गोळ्या ओतल्या आणि मोजल्या. सोळा. पुन्हा मोजल्या. सोळाच. सहा दिवस गोळी पोटात गेलीच नव्हती, आणि काकू शपथेवर सांगत होती की एकही चुकली नाही. ती खोटं बोलत नव्हती. गोळी घेतल्याची कालची आठवण तिला आजची वाटत होती.

मग विषाणूची मोजणी केली तर रक्तात विषाणू पुन्हा दिसला. ती तपासणी केंद्रात फुकट होते. आईची शेवटची कधी झाली ते विचार. गोळ्या अशा सुटत राहिल्या तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो आणि मेंदूतली धगही वाढते. म्हणजे विसरल्यानं गोळी चुकते, गोळी चुकल्यानं विसरणं वाढतं. हे चाक थांबवायला बाहेरचा हात लागतो.

तो हात कुणाचा? मी मुरबाडला, टोकावड्याच्या बाजूला. काकू खर्डीला. रोज तर जाता येत नाही. घरात होती तिची सून. आणि सुनेला काही माहीत नव्हतं.

त्या रात्री काकू अंधारात म्हणाली, "एक विचारू? उद्या डोकं पार गेलं आणि मीच बरळले तर? चारचौघांत?" बाय, वीस वर्षं तिला मरणाची भीती वाटली नाही, ती याची वाटत होती. मी तिला म्हटलं, "काकू, उद्या तुझ्या तोंडून चुकून बाहेर पडण्यापेक्षा आज तू स्वतः निवडून एका माणसाला सांग. कुणाला, ते तू ठरव." ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सुनेला सांगू."

हे तू मनावर कोरून ठेव. सांगायचं की नाही आणि कुणाला, हे आईनं ठरवायचं, आणि तिचं डोकं शाबूत आहे तोवर ठरवायचं. तिच्या पाठीमागे भावाला, जावयाला, कुणाला सांगायचं नाही. एचआयव्हीचा कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालाय. त्यानुसार कुणाला आपलं दुखणं उघड करायची जबरदस्ती करता येत नाही, आणि दवाखान्यातल्यांनी ते गुप्त ठेवायचं असतं. जे दवाखान्याला लागू ते लेकीला तर आधी लागू.

सुनेला सांगितलं तेव्हा सगळं गोड झालं असं नाही. ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी काकूचं ताट वेगळं, पेला वेगळा, मोरीत साबण वेगळा. काकूनं काही न बोलता त्या वेगळ्या ताटात जेवून घेतलं. मी सुनेवर रागावले नाही. तिला तरी कुणी कधी नीट सांगितलं होतं? तिला घेऊन समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं: एका ताटात जेवून, एका पेल्यातून पिऊन, अंघोळ घालून, कपडे धुवून, डास चावून हा आजार होत नाही. रक्ताशी संबंध आला तर हातमोजे घालायचे, जखम झाकून ठेवायची. गोळ्या नियमित असल्या आणि मोजणीत विषाणू सापडत नसला, तर शरीरसंबंधातूनसुद्धा तो पुढे जात नाही. सून परत येताना एसटीत काही बोलली नाही. संध्याकाळी जेवायला बसलो तर काकूचं ताट बाकीच्या ताटांबरोबर मांडलेलं होतं. तेव्हापासून ते तिथेच असतं.

आता गोळी कशी बांधली ते सांगते, म्हणजे तुला घरी जाऊन लगेच करता येईल. काकूला घड्याळाची वेळ सांगून उपयोग नव्हता. जे काम हात आपोआप करतात, त्याला गोळी बांधायची. सांजेला देवापाशी दिवा लावायचा, हे तिच्या हाडात आहे. म्हणून डबी कणगीमागून काढून देव्हाऱ्याच्या खालच्या खणात आणली. दिवा लागला की गोळी. सून चुलीपाशी असली तरी विचारते, "दिवा लागला का?" घरात पाहुणे असोत, शेजारी असोत, ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सात खणांची प्लास्टिकची डबी तालुक्याला औषधाच्या दुकानात मिळते. तिच्यात रविवारी सून गोळ्या भरते, म्हणजे आजचा खण रिकामा की भरलेला ते एका नजरेत दिसतं. 'घेतली का?' असं विचारायचंच नाही. विसरणाऱ्या माणसाला तो प्रश्न म्हणजे परीक्षा असते. सरळ खण बघायचा. एखाद्या दिवशी राहिलीच तर आठवल्याबरोबर घ्यायची, आणि दुसऱ्या दिवसाची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. घरी नेमून दिलेलं माणूस असलं की केंद्रात तसं सांग. ते तुलाही सगळं समजावून सांगतात आणि कधी एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देतात.

बाकी वागायचं कसं? एका वेळी एकच गोष्ट सांग. उत्तरासाठी थांब, तिचं डोकं चालतंय, फक्त सावकाश चालतंय. तिच्या हातातलं काम काढून घेऊ नको. शेंगा सोलू दे, तांदूळ निवडू दे, नातवंडांना ओव्या म्हणून दाखवू दे. अंगणात दोन फेऱ्या मारू दे. पण पैसे, चूल आणि विहिरीचा काठ, यांवर नजर ठेव. ओळखीच्या वाटेवर चुकायला लागली तर पिशवीत तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाल. आणि तिच्यासमोर कुणाला "हिला काही कळत नाही" असं म्हणू देऊ नको. तिला कळतं.

एक धोक्याची खूण मात्र वेगळी. हे विसरणं महिन्यांनी, वर्षांनी सरकत येतं. पण आई दोन-चार दिवसांत एकदम भ्रमिष्ट झाली, ताप आला, डोकं ठणकतंय, उलट्या, मान आखडली, फिट आली, तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी पडली, उठवून उठत नाही, तर एक मिनिट थांबायचं नाही. १०८ ला फोन लाव. मेंदूचा क्षय असू शकतो, बुरशीचा संसर्ग, झटका, काहीही. तेव्हा भगत नाही, अंगारा नाही. आणि एरवी घरच्यांच्या समाधानासाठी भगताकडे नेलंच, तर ने बापडे, पण गोळी एक दिवसही बंद करायची नाही. या एका गोष्टीवर कुणाचंही ऐकायचं नाही, अगदी घरातल्या मोठ्यांचंसुद्धा.

आणि तुझं काय? तूसुद्धा एकटीनं ओढू नकोस. १०९७ हा एचआयव्हीचा फुकट फोन आहे, नाव न सांगता विचारता येतं. मन फार भरून आलं तर १४४१६ आहे, टेलिमानस, मराठीत बोलतात. आईच्या नावानं संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज केलाय का? या आजाराची माणसं त्यात बसतात, उत्पन्नाची अट आहे, तहसीलला विचार. केंद्रात जाताना दोघी मिळून जा. एसटीत बाईला अर्धंच तिकीट आहे.

काकू पार बरी झाली का, असं विचारशील. खरं सांगते, नाही. बी-१२ च्या इंजेक्शनांनंतर सहा महिन्यांत तिची चाल सुधारली, मोतीबिंदू काढला, गोळ्या नियमित झाल्यावर विषाणू पुन्हा दिसेनासा झाला. आता माणसांत बसते, हसते. पण मुठींचा हिशेब गेला तो गेला. या वर्षी आवणीला ती बांधावर बसून होती, मोजणी सुनेनं केली. अडली की सून तिच्याकडे बघायची, आणि काकू मान हलवायची, बरोबर आहे म्हणून.

गेल्या महिन्यात सून दोन दिवस माहेरी गेली होती. मी म्हटलं, आता कसं होणार? सांजेला फोन वाजला, काकूचा. तिला फोन लावायला नातवानं मदत केली असावी. आधी ती बराच वेळ गप्प. मी काही विचारलं नाही, थांबले. मग म्हणाली, "लागला गं." आणि ठेवून दिला.

चहा निवतोय, घे. आणि घरी गेल्यावर आधी आईजवळ बस. डबी तिच्या पाठीमागे मोजू नको, तिला म्हण, आपण दोघी मोजू. किती निघाल्या ते मला रात्री कळव, मग उद्या किती वाजता कुठे जायचं ते ठरवू. मी येते तुझ्याबरोबर.